लाल दिव्यापुढचा चेहरा

१४ मार्च १९९५, मंगळवार

आज पार्लरमध्ये दोन बायकांचे केस माझ्या हातून वाकडे कापले गेले आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाहीये. रोसाल्बा मावशी ओरडली, कारण पार्लर तिचं आहे. पण माझं लक्ष होतंच कुठे.

दुपारी मास्तर एलिएसेर आले होते. जुन्या वस्तीत त्यांची मूकनाट्याची शाळा आहे. गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या गुड फ्रायडेच्या नाटकात मी येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा चेहरा रंगवला होता. तो इतका जमला की पोरांनी बिचाऱ्या यहूदाला घरापर्यंत दगड मारले. मास्तरांनी ते पाहिलं होतं. आज खुर्चीत बसून त्यांनी काळी कॉफी मागितली आणि म्हणाले, "एदिल्मा बाई, मला चेहरे हवेत. रस्त्यावर उभे राहणारे."

गोष्ट अशी आहे. बोगोताचे ड्रायव्हर पोलिसाला भीत नाहीत, दंडाला भीत नाहीत. म्हणून पालिकेने ठरवलंय की चौकात मूकनट उभे करायचे. जो गाडी झेब्रा पट्ट्यांवर आणेल, त्याच्यासमोर मूकनट जाणार आणि एक शब्दही न बोलता भर रस्त्यात त्याची लाज काढणार. आधी एकाच चौकात करून बघायचं, सातवी सडक आणि एकोणिसावी गल्ली. महिनाअखेरीच्या शुक्रवारी पालिकेची माणसं बघायला येतील. चेहरा पसंत पडला तर पाच चौकांत मूकनट आणि त्या सगळ्यांचे चेहरे रोज मी रंगवायचे. नाही पडला तर प्लास्टिकचे मुखवटे. ते म्हणे गोदामात येऊन पडलेत.

नखं रंगवून रंगवून माझा जन्म गेला. आता हे हातचं जाऊ देणार नाही.

एकच घोडं पेंड खातंय. त्या चौकातून बाबांची बस जाते. आणि अख्ख्या बोगोतात पट्ट्यांवर बस उभी करणारा सगळ्यात निगरगट्ट ड्रायव्हर कोण, तर आबेलार्दो सानाब्रिया, माझे बाबा. त्यांना काही सांगितलेलं नाही. तसंही दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून आमच्या घरात बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "दिवा घालव", एवढंच.

१६ मार्च, गुरुवार

लिसांद्रो नावाचा मूकनट मिळालाय. चौकात पहिला तोच उभा राहणार. लांबट तोंड, मोठे डोळे, आणि नाक असं की आधी नाक आत येतं, मग लिसांद्रो. शब्द न बोलण्याचा पगार मिळतो म्हणून की काय, एरवी अखंड बडबडतो.

रंग टिकवण्याची युक्ती सापडली. दोन दिवस स्वतःच्या तोंडावर करून बघत होते. चरबीत घोटलेला पांढरा नुसता लावला की तासाभरात ओघळतो, त्यात बसचा धूर बसतो आणि माणूस राखेतून उठल्यासारखा दिसतो. म्हणून असं करायचं: आधी खऱ्या भुवया साबणाने चापून बसवायच्या. मग पांढरा बोटांनी थोपटत लावायचा, चोळायचा नाही. मग स्वच्छ मोज्यात टाल्कम पावडर भरून तो मोजा तोंडावर आपटायचा, अगदी धुरळा उडेपर्यंत. थोडं थांबायचं, जास्तीची पावडर मऊ ब्रशने झाडायची आणि वरून पाण्याचा फवारा. मग कागद फिरवला तरी पांढरा येत नाही.

"तू मला मारतेस की रंगवतेस?" लिसांद्रो म्हणाला.

"तोंड बंद. ओठांच्या कडेला भेगा पडतायत."

"म्हणजे बायको करणार ते तू आधीच करतेस."

बाबांनी बाथरूमच्या आरशावर पावडर बघितली आणि विचारलं, "मैदा सांडला का?" मी हो म्हणाले.

१८ मार्च, शनिवार

आज पहिल्यांदा रस्त्यावर.

पहिला चेहरा मी मासिकातल्या चित्रावरून काढला. बारीक कमानदार भुवया, डोळ्यांतून खाली उतरणारी काळी रेघ, इवलेसे लाल ओठ आणि गालावर एक अश्रू. पार्लरमध्ये बायकांनी गर्दी केली होती, समोरच्या गॅरेजमधले मेकॅनिकसुद्धा हात पुसत बघायला आले. मी अशी फुगले होते की विचारू नका.

चौकात फज्जा उडाला. लिसांद्रो टॅक्सीसमोर दुःखी होऊन उभा राहिला तर टॅक्सीवाल्याने खिडकीतून त्याला एक अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, दिला. भाजी घेऊन चाललेल्या एका आजीबाईंनी त्याचा गाल थोपटला आणि "जेवलास का रे सोन्या" म्हणाल्या. गाड्या मात्र पट्ट्यांवरून एक बोटभरही मागे हटल्या नाहीत. दया आलेला ड्रायव्हर ब्रेक दाबत नाही, हे आज शिकले.

अरेपा आम्ही अर्धा अर्धा खाल्ला. छान होता.

२१ मार्च, मंगळवार

आज उलटं केलं. भुवया नाकाकडे खेचून खाली आणल्या, तोंडाची कमान उलटी केली, डोळ्यांभोवती काळं. असा खवळलेला चेहरा की मला स्वतःला दचकायला झालं.

सकाळी एका ट्रकवाल्याने ते तोंड बघितलं, आणि हातात चाकाचा पाना घेऊनच खाली उतरला. लिसांद्रो धावत सुटला तो थेट बेकरीच्या काउंटरमागे. मास्तरांनी ट्रकवाल्याला हात जोडले. मला पोटातून हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम.

"दहा दिवस उरलेत," मास्तर म्हणाले. "मुखवट्यांनी निदान ट्रकवाले चिडत नाहीत."

"मुखवट्यांनी काहीच होत नाही, मास्तर. म्हणूनच चिडत नाहीत."

जरा तोंड वर करूनच बोलले मी. पण खरं सांगते, घाबरलेय. रडका चालत नाही, रागावलेला चालत नाही. मग तिसरं काय उरतं?

२२ मार्च, बुधवार

कमाल झाली आज. मला माझी चूक सापडली. मी चेहरे बघत होते पार्लरच्या खुर्चीवरून, आणि बघणारा बसलेला असतो बसच्या सीटवर.

म्हणून दुपारी लिसांद्रोला रंगवून, त्याच्या तोंडाला मफलर गुंडाळून बस अड्ड्यावर घेऊन गेले. बाबा खानावळीत रस्सा ओरपत होते, दाराकडे पाठ करून. त्यांच्या बसला कुलूप नसतं. मी गुपचूप त्यांच्या सीटवर चढले आणि लिसांद्रोला समोर उभं केलं.

काय दिसलं? काही नाही. वरून बघितलं की टोपीच्या काठाखाली अख्खं कपाळ गायब. डोळ्यांतल्या बारीक रेघा काचेवरच्या धुळीत बुडाल्या. माझा तो लाडका अश्रू म्हणजे माशी बसल्यासारखा. एवढ्या उंचीवरून तीनच गोष्टी वाचता येतात: भुवई, तोंडाचा कोपरा आणि मान कशी धरलीय ते. बाकी सगळी नक्षी फुकट. टोपी मागे सरकवायची, भुवया कपाळाच्या मध्यावर न्यायच्या आणि बोटभर जाड काढायच्या. सीटवर बसल्या बसल्या मी नाचायचीच बाकी होते.

आरशाला माझा लहानपणचा बूट अजून लटकतोय. आणि काचेच्या वर ऊन अडवायची जी झडप असते, तिच्यात आईचा ओळखपत्राचा फोटो. त्यासाठी तिची तयारी मीच केली होती, पंधरा वर्षांची होते. तिच्या डाव्या भुवईत शेवटाकडे एक फट होती. कुकरचं झाकण उडून लागलं होतं, तिथे केस पुन्हा आलेच नाहीत. मी पेन्सिलीने ती फट अशी बेमालूम भरली की फोटोवाला म्हणाला, बाई नटी दिसतात. माझ्या आयुष्यातलं पहिलं काम ते. आजही कुणाच्या भुवईत फट दिसली की माझे हात शिवशिवतात.

बाबांनी तो फोटो एवढा जपून ठेवलाय हे मला माहीत नव्हतं. घरात तर तिचं नाव काढलं की उठून जातात.

खानावळीतून हाका आल्या, "आबेलार्दो, तुझ्या बससमोर भूत उभंय रे." आम्ही पळालो.

२३ मार्च, गुरुवार

सापडला. चेहरा सापडला.

सकाळी लिसांद्रोला बसवलं तेव्हा मला काहीच सुचत नव्हतं. वैतागून मी विचार करायचं सोडलं आणि हात जाईल तिकडे जाऊ दिला. उजवी भुवई सरळ, जाड, शांत. डावी वर चढवलेली, पण फार नाही. तोंड मिटलेलं, आणि डावा कोपरा किंचित आत दाबलेला, कोणी काहीतरी म्हणणार होतं आणि राहू दिलं तसं. बस. अश्रू नाही, रेघा नाहीत.

लिसांद्रोने आरशात बघितलं आणि गप्प झाला. तो गप्प. "ही बया कोण?" त्याने विचारलं.

"बया कशाची? मूकनट आहे."

"नाही बाई. ही मला विचारतेय की मी कुठे होतो इतका वेळ."

हेच हवं होतं मला. रागावत नाही, रडत नाही, नुसता वाट बघतो आणि त्याला सगळं ठाऊक असतं. असा चेहरा माझ्या डोक्यात कुठून आला देव जाणे. मी हुशार आहे, दुसरं काय.

चौकात पोचेपर्यंत भुरभुर पाऊस. लिसांद्रोच्या साबण लावलेल्या भुवईजवळ थेंब पडला आणि डाव्या भुवईचा शेवटाकडचा तुकडा उडाला, पांढरी फट पडली. पेन्सिल पिशवीत शोधेपर्यंत दिवा लाल झाला आणि हा पळाला रस्त्यावर. मी कपाळावर हात मारला.

पण काय सांगू. समोर टॅक्सी आली, पट्ट्यांवर. लिसांद्रो गेला, पट्ट्यांकडे बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं, आणि उभा राहिला. टॅक्सीवाल्याने आधी हॉर्न दिला, मग खाली बघितलं, मग मान खाजवली. आणि टॅक्सी मागे घेतली. फुटपाथवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर एक जीप, एक मोटारसायकल, दुधाची गाडी, सगळे मागे. मास्तरांनी मला उचलून गोल फिरवलं, माझ्या पिशवीतली पावडर सगळीकडे.

"ती भुवईची फट," मास्तर म्हणाले, "काय सुचलंय तुला. अख्खा चेहरा जिवंत झाला."

सुचलं बिचलं काही नव्हतं. पण मी मान हलवली.

२४ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते लगेच लिहून ठेवते.

फट मुद्दाम ठेवली. मी बेकरीच्या दाराशी गुळाचं गरम पाणी पीत उभी होते. लाल दिवा लागला आणि हिरवी बस आली, भरधाव, आणि पुढची चाकं थेट पट्ट्यांवर. बाबा. पट्ट्यांवरची एक बाई टुणकन मागे उडाली. जित्याची खोड.

मी दारामागे सरकले. लिसांद्रोला ठाऊक नव्हतं हे कोण. तो संथपणे गेला, बससमोर उभा राहिला आणि वर बघितलं.

बाबांचा हात हॉर्नवर होता, मला स्पष्ट दिसलं. तो हात तिथेच राहिला. हॉर्न वाजला नाही. शिव्या नाहीत, काही नाही. मग त्यांनी बस मागे घेतली. अशी मागे घेतली की मागच्या टॅक्सीवाल्याने टाहो फोडला. पट्टे सोडून बरीच मागे गेली तरी थांबेनात. दिवा हिरवा झाला तरी बस जागची हलेना, प्रवासी ओरडायला लागले, "ओ आबेलार्दो काका, मुक्काम करायचाय का इथे?"

तीस वर्षांत जे पोलिसाला जमलं नाही, ते माझ्या पेन्सिलीने केलं. शेरास सव्वाशेर भेटला एकदाचा.

संध्याकाळी जेवताना विचारलं, "कसा गेला दिवस?" एवढं विचारलं तेच जास्त झालं. त्यांनी चमचा खाली ठेवला. "सातव्या सडकेवर जोकर उभे केलेत," म्हणाले. "कोण रंगवतं त्यांना?"

"मला काय माहीत."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग न जेवताच उठले आणि अंथरुणात गेले. टीव्हीवर त्यांच्या संघाचा सामना होता, तोसुद्धा लावला नाही. हरले म्हातारबा, अपमान फारच लागला. मला जरा वाईट वाटलं. फार नाही.

२५ मार्च, शनिवार

मास्तर म्हणाले मावशीलाही दाखव, म्हणून लिसांद्रो रंगलेल्या तोंडाने पार्लरमध्ये आला. रोसाल्बा मावशी एका गिऱ्हाइकाच्या केसांना रोलर लावत होती. तिने वळून बघितलं आणि हातातला अख्खा डबा खाली. रोलर घरंगळत दाराबाहेर गेले. तिने छातीवर क्रूस काढला, मग सरळ पुढे येऊन लिसांद्रोच्या कपाळाचा मुका घेतला. तिच्या ओठांना पांढरा रंग लागला.

"काय झालं मावशी?"

"काही नाही गं. चांगला झालाय." डोळे पुसले तिने. "आबेलार्दोने बघितला?"

"बघितला की. बस घेऊन मागे पळाले."

"पळेल नाही तर काय," मावशी म्हणाली आणि आत जाऊन भांडी आपटत बसली. किती विचारलं तरी ताकास तूर लागू दिली नाही. मला वाटतं तिला लिसांद्रो आवडलाय. विधवा होऊन सात वर्षं झाली, तिचं तरी काय चुकलं. लिसांद्रोला सांगितलं तर तो म्हणतो, "मावशींचा स्वयंपाक कसा असतो?"

२८ मार्च, मंगळवार

आता शाळेतले आणखी चार जण शिकतायत. सकाळी पाच तोंडं ओळीने बसतात आणि मी मोजा आपटत फिरते. एकाच ओळीत एकाच चेहऱ्याचे पाच जण बघून आज मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी. माझे खांदे दुखतात, नखांत काळं गेलंय, आणि मी गाणी म्हणत घरी येते.

लिसांद्रोने एक गंमत सांगितली. "एक ड्रायव्हर वेडा आहे. दिवा हिरवा असला की हा दुरूनच बस हळू करतो. मागचे शिव्या घालतात, पण हा हिरवा जाऊ देतो आणि लाल झाला की येऊन थांबतो. पट्ट्यांच्या कितीतरी मागे. आणि नुसता बघत बसतो माझ्याकडे. मी काय करू? त्याचं काही चुकलेलंच नाही. मग मीही बघतो."

"कुठली बस?"

"हिरवी. आरशाला लहान मुलाचा बूट आहे."

बाबांचीच बस. म्हणजे पाळत ठेवतायत. मीच रंगवते हे त्यांना कळलंय किंवा कळेल, आणि मग एक दिवस ट्रकवाल्यासारखा पाना घेऊन उतरतील. शुक्रवारी पालिकेची माणसं येणार आणि नेमका त्याच दिवशी माझा बाप मूकनटाला बदडणार. मला त्यांचा इतका राग आला की संध्याकाळी त्यांच्या गरम चॉकलेटच्या कपात नेहमीचा चीजचा तुकडा घातलाच नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही. उलट ते दाढी करत होते. मंगळवारी संध्याकाळी, कारण नसताना दाढी.

३१ मार्च, शुक्रवार

सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पालिकेची माणसं सकाळीच शाळेत आली. त्यातल्या टायवाल्या साहेबांनी लिसांद्रोचा चेहरा जवळून बघितला, पुढून, बाजूने, आणि म्हणाले, "उत्तम. फक्त ही डावी भुवई अर्धवट राहिलीय. एवढं सगळं नीट आणि इथे चूक दिसते. भरून टाका, म्हणजे झालं."

मास्तर काही बोलणार होते, मीच घाई केली. "भरते ना साहेब." माझी एवढी वर्षांची सवय ती. तुटकी भुवई मला स्वतःलाच खुपायची. पाचही जणांच्या भुवया मी एका दमात भरल्या, काठ अगदी सुरीसारखे. साहेब खूश.

चौकात मात्र काहीतरी बिनसलं. लिसांद्रो तोच, टोपी तीच. पहिला टॅक्सीवाला हसला आणि हटला नाही. दुसऱ्याने त्याचा फोटो काढला. सुंदर दिसत होता तो, त्याला कोण घाबरणार. साहेब घड्याळ बघायला लागले. त्यांच्यातल्या एकाने मुखवट्यांचा विषय काढला. 

आणि मग हिरवी बस आली, हळूहळू, लालची वाट बघत. पट्ट्यांच्या मागे थांबली. मी पावडरचा मोजा हातात घेऊन फुटपाथच्या कडेला होते, लपायला जागा नव्हती. लिसांद्रोने सवयीने वर बघितलं. बाबांनी काचेतून त्याच्याकडे बघितलं, मग पुढे वाकून बघितलं. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि दार उघडून खाली उतरले.

मी मनात म्हटलं, झालं. आता पाना.

हातात काहीच नव्हतं. प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून ओरडत होते. बाबा लिसांद्रोसमोर जाऊन उभे राहिले, एवढे जवळ की त्याला मागे जाता येईना. "फट कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

लिसांद्रो मूकनट, बोलणार कसा. त्याने खांदे उडवले.

बाबांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि भर रस्त्यात त्याच्या डाव्या भुवईवरून फिरवला. शेवटाकडे. बरोब्बर त्याच जागी, तेवढाच. हात अजिबात चाचपडला नाही. मग त्याची हनुवटी दोन बोटांत धरली. "मान अशी नाही. डावीकडे. नाही, एवढी नाही. थोडी कमी. ती फार वाकवायची नाही मान." मग दोन पावलं मागे सरले आणि बघितलं. "हां," म्हणाले.

तेव्हा मला आई दिसली. दाराच्या चौकटीत, हातात पळी, ताट झाकून ठेवलेलं, बाबा उशिरा आलेले, आणि ती एक शब्द न बोलता बघतेय. आठवडाभर मी तिचा चेहरा काढत होते, पाच पाच तोंडांवर काढत होते, आणि मीच हुशार म्हणून मिरवत होते. मावशीने एका नजरेत ओळखलं. मला, तिच्या पोटच्या मुलीला, आज कळलं.

बाबा वळले आणि मी दिसले. मोजा, काळी नखं, सगळं.

"तू काढलीस?"

"हो."

"फोटोतली भुवई पण तूच भरलीस," ते म्हणाले. "रोज त्या फोटोकडे बघतो, तर त्यात ती कधी भेटतच नाही."  मग त्यांनी एकदा लिसांद्रोकडे बघितलं. "नाक मात्र जमलं नाही तुला."

मला हसू आणि रडू एकदम आलं. त्यांनी मला भर चौकात जवळ घेतलं आणि त्यांचा शर्ट पावडरने पांढरा झाला. दोन वर्षांनी. मागच्या गाड्यांचे हॉर्न चालू होते, त्यात लिसांद्रो फट पडलेल्या भुवईने त्या गाड्यांकडे वळला, मान डावीकडे, थोडीच. पहिली जीप मागे गेली, मग तिच्यामागची, मग तिच्यामागची.

टायवाले साहेब बेकरीच्या दारात उभे होते. "भुवई तशीच राहू द्या," म्हणाले, आणि हातातला रुमाल खिशात घातला.

१ एप्रिल, शनिवार

काल घरी आल्यावर आम्ही दोघांनी मिळून रस्सा केला आणि बाबा तिच्याबद्दल बोलत राहिले. कुकरचं झाकण कसं उडालं ते मला अर्धंच माहीत होतं. बाबांनी तिला हसवलं म्हणून ते नीट लागलं नव्हतं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आज सकाळी शाळेत जायला निघाले तर ते बसची काच पुसत होते. आईचा फोटो झडपेत तसाच होता. मी म्हटलं, भुवईचं टोक खरवडून फट परत काढून देऊ का? ते म्हणाले, असू दे, त्यात ती तुझ्या हातची आहे.

मग विचारलं, "सोमवारपासून कुठल्या चौकात उभे करणार तुझे जोकर?"

"पाच चौकांत. तुमच्या मार्गावर तीन."

त्यांनी फडका पिळला, काचेला एक शेवटचा हात मारला.

"म्हणजे सुटका नाही माझी," ते म्हणाले आणि हसत हसत सीटवर चढले.